भाऊजींनी पुसलेलं वादळ

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, चष्म्याचं दुकान चालवतात. गिऱ्हाइकांची नजर तपासून आपली नजर फार तयार झाली आहे, असा त्यांचा गोड गैरसमज आहे.

मुलीच्या कॉम्प्युटरचा वेबकॅम उचकटून त्यांनी दुर्बिणीला बसवला आणि गच्चीवरून ग्रहांचे व्हिडिओ घ्यायला लागले. व्हिडिओतली चांगली चित्रं एकावर एक रचली की ग्रह स्पष्ट होतो. ते काम कॉम्प्युटर बिनबोभाट करी. पुढे रंग आणि उठाव वाढवायचं काम भाऊजींकडे, आणि तिथे सगळी माती होई. त्यांचा मंगळ टोमॅटोसारखा लालबुंद, गुरू चॉकलेटच्या कागदासारखा.

"जरा हात आवरा ना," बहीण म्हणे.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होतो. पडद्यावर आदल्या रात्रीचा शनी. भाऊजींचा हात अजून लागला नव्हता, म्हणून देखणा होता. सायीच्या रंगाचा, कडी रेखीव. वरच्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका.

"हे काय?"

"धूळ," भाऊजी गुरगुरले. त्यांनी ठिपका पुसला, शनी पिवळाधमक केला, कडी निळी केली आणि जागा अडते म्हणून मूळ व्हिडिओसुद्धा उडवून टाकला.

आठवड्याभरात आकाशनिरीक्षण मंडळाच्या बाईंचा फोन आला. शनीवर मोठं पांढरं वादळ उठलं होतं. "त्या रात्री शनीचा व्हिडिओ घेतल्याचं तुम्हीच सांगत होतात, दुसऱ्या कुणाकडे तो नाही. द्याल का? सगळ्यांत आधी तुम्हीच टिपलं असेल ते."

लाज असलेला माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. भाऊजींनी कॉम्प्युटरच्या ब्रशने खालच्या बाजूला ठिपका रंगवला आणि चित्र धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अहो, वादळ उत्तरेला आहे. तुमचं दक्षिणेला कसं?"

"दुर्बिणीतून उलटं दिसतं," भाऊजी ठणकावून म्हणाले.

"मग बाकीचा शनी सुलट कसा?"

भाऊजींनी फोन आपटला. मंडळ आपल्यावर जळतं, असं ते आता भेटेल त्याला ऐकवतात. ते चित्र मोठं करून दुकानात लावलंय.

परवा जेवताना बहिणीने मला हळूच विचारलं, "तू खरा शनी पाहिला होतास ना? कसा होता रे?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी खेकसले, "मिळमिळीत होता! अगदी बेरंग!"

बहिणीने मान खाली घातली आणि त्यांना पुन्हा वाढलं.