आधी तुम्ही प्या

कॅप्टनने माझा डबा उघडला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बघा, बघा. याचं रिकव्हरी मील!"

आत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. पाम बीच रस्त्याच्या कडेला आमचा अख्खा रनिंग ग्रुप घाम पुसत उभा होता. सगळे हसले. मी फुटपाथवर बसलो होतो. धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"कांदेवाले, शरीर आहे ते, गोणी नाही. काहीही कोंबून चालत नाही."

मी पण हसलो. ते हसणं मला अजून बोचतं.

माझा बाप साताऱ्याहून आला आणि वाशीच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहून झिजला. त्याच मार्केटात आज माझा कांद्याचा गाळा आहे. कोणी दिला नाही, मी उभा केला. गोणी ओतून बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. वर चांगला माल आणि खाली सडका भरणाऱ्यांची मी भर मार्केटात आई-बहीण काढलेली आहे.

शुगर निघाली म्हणून धावायला लागलो. कॅप्टन आमच्या ग्रुपचा प्रमुख. मोठ्या कंपनीत साहेब, टॉवरमध्ये घर. बूट कसे घ्यायचे, श्वास कसा धरायचा, सगळं त्याने शिकवलं. बाप गेला तेव्हा स्मशानात शेवटपर्यंत थांबला. तेव्हापासून मी त्याला भाऊ मानला. हाफ मॅरेथॉन दोघांनी बरोबर संपवायची, असं आमचं ठरलं होतं.

डब्याचा तमाशा झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "तुझा थकवा म्हणजे डेफिशियन्सी आहे. प्रोटीनची पावडर सुरू कर. माझ्याकडूनच घे, बाहेर डुप्लिकेट मिळतं."

मी घेतली. आत काय आहे विचारलं नाही. भाव केला नाही. घासाघीस केली की परत कांदेवालाच ठरणार, ही भीती. ज्या तोंडावर मी पोट भरलं, ते तोंड मी तिथे मिटून ठेवलं.

थकवा गेला नाही. पोट मात्र बिघडलं. सांगितलं, तर म्हणाला, "डोस वाढव." वाढवला. शेवटी गाळ्यावरच चक्कर आली, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं.

"काही कमी नाही. असतं तर मीच गोळी दिली असती. शुगरही ताब्यात आहे. झोपता किती?"

कांद्याच्या गाड्या रात्री उतरतात. मी मालाजवळ असतो. तिथून थेट धावायला. हे सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग पावडर काय करणार? झोपा. पोटभर जेवा. डाळ, अंडी वाढवा. भाकरी सोडू नका."

मी दवाखान्याबाहेर तसाच उभा राहिलो. कारण कॅप्टनला हे माहीत होतं. दर पहाटे तोच विचारायचा, "काय रे, आज पण डायरेक्ट मार्केटातून?"

तरी म्हटलं, चुकला असेल. माणूस चुकतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी कांदे पोचवायला गेलो. वहिनींनी दार उघडलं. हॉलमध्ये भिंतीला लावून पावडरची खोकी.

"बराच स्टॉक आहे, वहिनी."

"ग्रुपचा आहे हो तो. हे कुठे घेतात! एकदा घेतली नि पोट धरून बसले. यांना सकाळी आपली नाचणीची आंबील लागते."

त्या साधेपणाने हसल्या. मी गोणी ठेवली. लिफ्ट समोर होती, तरी जिन्याने उतरलो.

रविवारी ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली होती. तळोज्याच्या कारखान्यात शिफ्ट करणारी. म्हणाली, "सर, पाय उचलतच नाहीत हो." कॅप्टनने बॅगेतून डबा काढला. मी पुढे झालो आणि तो त्याच्या हातातून घेतला. झाकण उघडलं. बाटलीत पावडर टाकली, हलवली, त्याच्यासमोर धरली.

"आधी तुम्ही प्या."

"काय चाललंय तुझं?"

"प्या. सगळ्यांसमोर."

"सीन करू नकोस. हे तुझं मार्केट नाही."

"नाही ना? मग विकता कशाला?"

ज्यांच्या घरी वर्षभर माझे कांदे गेले, ते बुटांच्या नाड्या बांधू लागले. एकजण हळूच म्हणाला, "जाऊ दे ना यार, कॅप्टन स्वतः घेत नाही, आम्हाला पण माहितीये." माहीत होतं. सगळ्यांना. आणि माझ्या भाकरीवर तेच हसले होते.

कॅप्टन प्यायला नाही. दुपारपर्यंत मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं.

आता रात्रीचा माल भागीदार बघतो. त्याला हिस्सा वाढवून दिला. मी झोपतो. थकवा उतरला. हाफ मॅरेथॉन एकट्याने पळणार आहे.

परवा कॅप्टनचा फोन आला. "झालं गेलं. मिटवून टाकू. तू ये परत."

मी म्हटलं, "मिटेल. त्या मुलीला बोलवा, सगळ्यांना बोलवा, आणि सांगा की तुम्ही स्वतः हे घेत नाही. तुमच्या तोंडाने."

"थोडं समजून घे रे."

आयुष्यभर मी मधला भाव काढून सौदे केले. दोन पावलं त्याने यायचं, दोन मी जायचं. या सौद्यात मी जागचा हलणार नाही.

फोन मी ठेवला.