भट्टीचा कोळसा आणि भरताची वांगी

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या कुठल्याही मराठी माणसाला वाकणकरांकडे जेवायला बोलावलं, की तो दोन गोष्टी गृहीत धरून यायचा. कांचनकाकूंच्या हातचा मसालेभात आणि हेमचंद्रकाकांच्या तोंडचं एकोणिसावं शतक. त्यातला मसालेभात संपायचा.

"अजून थोडा वाढू का?" काकू विचारायच्या, आणि पाहुण्याने मान हलवायच्या आत काका म्हणायचे, "भात राहू दे. आधी सांग, अठराशे चाळीसच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातले लोहार लाकडाचा लोणारी कोळसा सोडून दगडी कोळशाकडे का वळले?"

पाहुण्याला हे माहीत नसायचं. माहीत नसणं हाच गुन्हा, आणि शिक्षा ताबडतोब सुरू व्हायची. ताटातलं श्रीखंड पातळ होईपर्यंत काका जंगलं तोडायचे, भट्ट्या पेटवायचे, आणि गंधकाने नासलेलं लोखंड हातोड्याखाली कसं बिस्किटासारखं फुटतं ते पापड मोडून दाखवायचे. पापड पाहुण्याच्या पानातला असायचा.

काकांचं सगळं आयुष्य लोखंडात गेलेलं. नागपूरहून धातुशास्त्र शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि मोटारींची इंजिनं ओतणाऱ्या एका ओतशाळेत चिकटले ते चिकटलेच. एकोणीसशे त्र्याऐंशी साली जपानी गाड्यांनी डेट्रॉइटची दाणादाण उडवली तेव्हा ती ओतशाळाच बंद झाली. निरोपसमारंभात काकांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आणून त्यांनी ते उलटं करून पाहिलं. जपानी होतं.

काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला जायच्या आणि काका चोपन्नाव्या वर्षी घरात एकटे राहायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी गराज लावलं. दुसऱ्या महिन्यात काकूंचं स्वयंपाकघर लावलं. तिसऱ्या महिन्यात काकूंना हळद सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "हेमचंद्र, तुम्ही काहीतरी करा. घराबाहेर करा."

लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याला नावाने हाक मारते आणि वर 'तुम्ही'ही म्हणते, तेव्हा प्रकरण गंभीर असतं. काकांनी गाडी काढली.

तासाभराच्या अंतरावर झाडीमध्ये एक जुनी दगडी भट्टी होती आणि तिच्याभोवती छोटंसं संग्रहालय. काका तिकीट काढून आत शिरले आणि पाचव्या मिनिटाला गाइडची चूक काढली. दहाव्या मिनिटाला गाइड बाकावर बसला होता आणि काका बोलत होते. गर्दी जमलेली पाहून संग्रहालयाच्या प्रमुख डोरोथीबाई बाहेर आल्या. साठीच्या, उंच, आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला बोलता येतं," त्या म्हणाल्या. "लोखंड करता येतं का?"

काकांनी आयुष्यभर टनावारी लोखंड ओतलेलं होतं. पण ते विजेच्या भट्टीत, आधीच केलेलं लोखंड वितळवून. लाल मातीतून, लाकडाच्या कोळशावर, जुन्या लोकांसारखं? कधीच नाही.

"येतं," काका म्हणाले.

असं ठरलं, की पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात संग्रहालयाच्या शरद मेळ्यात काकांनी लोकांसमोर एका छोट्या मातीच्या भट्टीत खनिजापासून लोखंड काढून दाखवायचं. निघालं, तर पुढच्या वर्षीपासून दर शनिवार-रविवार भट्टीचे उस्ताद म्हणून काका नेमले जाणार. नाही निघालं, तर तोच गाइड. काकांनी त्या नेमणुकीचा असा ध्यास घेतला, की तसा ओतशाळेत कधी बढतीचाही घेतला नव्हता.

मुलगी दीपा शिकागोत कायदा शिकत होती. फोनवर म्हणाली, "डॅड, यू कॅन बाय आयर्न. देअर आर स्टोअर्स."

"कांचन, हिला अशी कशी वाढवली आपण?" काका म्हणाले.

"तुम्ही ओतशाळेत होतात," काकू म्हणाल्या.

सगळ्यात आधी कोळसा हवा. दुकानात बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या कोळशाच्या वड्या चालणार नव्हत्या. त्यात भुसा, चुरा आणि पिठाची खळ घालून गोळे वळलेले. भट्टीत त्यांची राखच फार आणि ती वारा कोंडते. म्हणून काकांनी संग्रहालयाच्या रानात ओक लाकडाची रास रचली, तिला पानांनी आणि मातीने लिंपलं आणि आत विस्तव ठेवला. अशा राशीचं सगळं गुपित म्हणजे ती पेटू न देणं. आत लाकूड धुमसत भाजलं पाहिजे, आणि मातीला कुठे चीर पडून ज्वाळा निघाली, की सगळ्याची राख. काका घडीची खुर्ची टाकून फावडं मांडीवर घेऊन बसले. जरा कुठे धूर निळा झाला की उठून थापायचे. काकू डबा आणायच्या, आणि धुराने काळवंडलेल्या नवऱ्याकडे पाहून म्हणायच्या, "आईंना बरं वाटलं असतं. इतक्या लांब येऊन इंजिनियर मुलगा कोळसे भाजतोय."

पण कोळसा असा उतरला, की बोटाने टिचकी मारली तर काचेसारखा वाजावा. काकांनी तो गोणपाटाच्या पोत्यांत भरला आणि संग्रहालयाची शेड गळकी म्हणून घरी गराजमध्ये आणून ठेवला. त्याच्या शेजारीच दुकानी वड्यांची निळी पिशवी होती, उन्हाळ्यातली, न फोडलेली.

मेळ्याच्या आदल्या दिवशी काका पहाटेच भट्टीला मातीचा शेवटचा हात द्यायला गेले. इकडे त्यांच्या तळघरात महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची तालीम होती, आणि जेवायला काकूंनी वांग्याचं भरीत ठरवलं होतं. भरताची वांगी भाजायला पुढे आला चारुदत्त. जवळच्या नोव्हाय गावात राहणारा, मोटारींचे ब्रेक डिझाइन करणारा, आणि स्वतः मात्र कुठेच न थांबणारा तरुण.

"काकू, कोळसा कुठाय?"

"गराजमध्ये बघ, असेल," काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यासमोर निळी पिशवी होती. चारुदत्तच्या डोळ्यासमोर पोती आली.

रविवारी सकाळी गाडीत सामान भरताना काकांनी पोती उचलली, तर दोन भरलेली होती आणि बाकीची घडी घालून नीट ठेवलेली. काका घड्यांकडे बघत राहिले. तेवढ्यात मदतीला आलेला चारुदत्त हजर झाला.

"काका, काय कोळसा आहे यार! कुठून आणता? एकदम क्लीन हीट! वांगी झाली, मग म्हटलं निखारे वाया का घालवायचे, तर कणसं भाजली. मग कांदे. मग लोक म्हणाले पापड. शेवटी हात शेकत बसलो सगळे. काय मजा आली!"

काकांचा चेहरा विटेसारखा झाला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना एका क्षणात सगळं समजलं.

"चारुदत्त," काका हळू आवाजात म्हणाले, "इंग्लंडमधली जंगलं संपायला दोनशे वर्षं लागली होती. तू एका जेवणात आटोपलंस."

"सॉरी काका! मी आत्ता आणतो! के-मार्टमध्ये सेल आहे, माझ्याकडे कूपन आहे!" आणि काकांनी तोंड उघडायच्या आत त्याची गाडी निघूनही गेली. आला तेव्हा मागची सीट निळ्या पिशव्यांनी भरलेली होती. "एकावर एक फ्री," तो म्हणाला, जणू त्यामुळे त्यांतली राख कमी होणार होती.

वाटेत काका बोलले नाहीत. हे इतकं अघटित होतं, की काकूंनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"रद्द करायचं का?" त्यांनी विचारलं.

"रद्द केलं, तर पुढच्या वर्षी हळद कुठे ठेवायची ते मी ठरवणार."

"मग गाडी जरा जोरात घ्या."

भट्टी छातीइतकी उंच होती. खाली वारा भरायला काकांनी घरचा जुना व्हॅक्युम क्लीनर उलटा जोडला होता. काकूंच्या गालिच्यावरची धूळ ओढून थकलेलं ते यंत्र आता एकोणिसाव्या शतकाचा भाता झालं होतं. लोक जमू लागले. डोरोथीबाई घोंगडी पांघरून पहिल्या रांगेत बसल्या. काकांनी दोन पोत्यांकडे पाहिलं. भट्टी आधी तापवायला निम्मा कोळसा जाणार, आणि उरलेल्यात खनिजाचं काही होणार नाही.

मग त्यांची नजर निळ्या पिशव्यांवर गेली, आणि काका एकदम हसले. चारुदत्त घाबरून मागे सरला.

"फोड," काका म्हणाले. "सगळ्या फोड. ह्या वड्या लोखंडाच्या जवळ जायला नालायक आहेत. पण अजून लोखंड आहेच कुठे? रिकाम्या भट्टीच्या भिंती तापवायला काय हरकत आहे?"

वड्या पेटल्या. धूर असा निघाला, की पहिली रांग दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. डोरोथीबाई मात्र हलल्या नाहीत. आणि भट्टी तापत असताना काकांनी लोकांकडे वळून, आयुष्यातलं सर्वांत उत्तम भाषण केलं. कारण ह्या वेळी त्यांच्याकडे उदाहरण होतं.

"काल ह्या माणसाने माझा चांगला कोळसा वांगी भाजण्यात संपवला," त्यांनी चारुदत्तकडे बोट दाखवलं. लोक हसले, चारुदत्तने वाकून नमस्कार केला. "अगदी असंच जगाचं झालं. चांगला कोळसा संपला आणि घाण कोळसा उरला. त्यातला गंधक लोखंडात शिरला की लोखंड नासतं. मग लोकांनी काय केलं? काहींनी दगडी कोळसा आधी भाजून त्याचा कोक केला. आणि लोखंड शुद्ध करणाऱ्यांनी विस्तव एका खोलीत ठेवला, लोखंड शेजारच्या. मधे बुटकी भिंत. तिच्यावरून फक्त ज्वाळा यायची. शेजारणीच्या चुलीवर आपली भाकरी भाजावी तसं! आणि एक माणूस लांब सळईने ते वितळलेलं बीड, म्हणजे कच्चं ओतीव लोखंड, ढवळत बसायचा. त्यातला कार्बन जळत जाई तसं ते घट्ट होई. माझ्या बायकोचं पिठलं होतं तसं. गोळा झाला, की बाहेर काढून घणाखाली."

"आणि मग?" एका माणसाने विचारलं.

"मग बेसेमर नावाचा संशोधक आला. वितळलेल्या बिडातून नुसता वारा फुंकला, जळण लागलंच नाही. ढवळणारा माणूस घरी गेला." काका जरा थांबले. "त्याला बहुतेक घड्याळ दिलं असेल."

डोरोथीबाई पहिल्यांदा हसल्या.

वड्या जळून गेल्या, राख खालून ओढून काढली, आणि लालबुंद रिकाम्या भट्टीत काकांनी स्वतःच्या हातचा कोळसा घातला. वर खनिजाची मूठ. पुन्हा कोळसा, पुन्हा मूठ. व्हॅक्युम घुमत होता. कोळसा वाचवायचा म्हणून काका खनिज हात राखून घालत होते, काकू भाजीत मीठ घालतात तसं, चव डोळ्यांनी बघत. दुपार कलली. दुसऱ्या पोत्याचा तळ दिसला. शेवटचे तुकडे चारुदत्तने पोतं झटकून झटकून काढले.

"काका, एक तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात पण आहे. कालचा," तो म्हणाला, आणि तोही आत गेला.

भट्टीचं तोंड फोडलं. काकांनी चिमट्याने आतून एक गोळा ओढला. काळा, खरबरीत, नारळाएवढा. जोंधळ्याची भाकरी करपली तर अशी दिसते, असं काकूंच्या मनात आलं.

"हे लोखंड आहे?" डोरोथीबाईंनी विचारलं.

"घण सांगेल," काका म्हणाले. त्यांनी घण उचलला. "नुसती मळी, म्हणजे खनिजाचा गाळ असेल, तर फुटेल. लोखंड असेल, तर चपटं होईल."

पहिला घाव बसला आणि गोळ्याचा एक मोठा टवका उडाला. काकूंनी डोळे मिटले. दुसऱ्या घावाला दुसरा टवका. नारळाचा पेरू झाला, पेरूचं लिंबू होत चाललं. चारुदत्त पुटपुटला, "यार, मी परत वांगं खाणार नाही."

तिसऱ्या घावाचा आवाज वेगळा आला. भुसभुशीत नाही, भरीव. चौथा. काकांनी घण खाली ठेवला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून चिमटा वर धरला. केशरी, कडा फाटलेली, पेढ्यासारखी चपटी एक वस्तू. फुटली नव्हती. दबली होती.

"लोखंड," काका म्हणाले, आणि एवढं बोलून ते पहिल्यांदाच एका शब्दावर थांबले.

टाळ्या वाजल्या. डोरोथीबाई उठल्या, घोंगडी झटकली आणि म्हणाल्या, "मे महिन्यात पहिल्या शनिवारी. नऊ वाजता. आणि त्या तरुणाला पण आणा. धूर करायला."

घरी आल्यावर काकूंनी दीपाला फोन लावला. काकांनी तपशीलवार सगळं सांगितलं.

"हाउ बिग इज इट?"

"पेढ्याएवढं."

"डॅड," दीपा म्हणाली, "दॅट्स ऑसम. कीप इट, ओके? आय वॉन्ट टू सी इट ॲट थँक्सगिव्हिंग."

तो लोखंडाचा पेढा काकांनी दिवाणखान्यात जपानी घड्याळाच्या खाली ठेवला. आता जेवायला येणाऱ्याला तो हातात घ्यावाच लागतो. आणि पुढच्या हंगामाचा कोळसा गराजमध्ये कुलपात असतो. किल्ली काकूंकडे.

त्या म्हणतात, कुणालाही देणार नाही. फक्त भरीत असेल, तर एक पाटीभर. कारण खरं सांगायचं, तर त्या दिवशीसारखं भरीत पुन्हा झालं नाही.