भैरोबापुढं दोन शहरं

"तुझ्या वडूजला प्यायला पानी न्हाई, आन् तुला आगबोटीत बसायला पायजे व्हय गं?"

"पानी कवा बगितलंच न्हाई, म्हणून तर बसायचं म्हणते, आक्का. तुमचं म्हायेर नदीकाठचं. तुमचं बगून झालंय."

हे भांडण मी माझ्या चुलीपुढं बसून ऐकलं. आमच्या आणि त्यांच्या घरात भिंत एकच, आणि तीही आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. फोडणी त्यांच्यात पडली की ठसका आम्हाला लागायचा. मी तेव्हा कुंडलात नवी नवरी होते, लढाई संपून वरीस झालं असेल. करमणूक म्हणाल तर ही भिंतच.

बोलणारी थोरली जाऊ बनुबाई. उलटून बोलणारी धाकटी, चंद्राबाई. कामाला वाघीण आणि तोंडाला त्याहून. तिचा नवरा ज्ञानू खडकीला पलटणीच्या वर्कशॉपात फिटर होता. लग्न होऊन कैक वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर सलग एक महिना तिनं काढला नव्हता. तो रजेवर यायचा, थोरल्या भावाच्या पाया पडायचा, आणि ही त्याची कापडं धुऊन वाळवेपर्यंत परत जायचा. ती मात्र इथं शेण, पाणी, खुरपणी आणि थोरलीची बोलणी यात. "दुष्काळातनं आणली, तवा खायला मिळालं," हे तिला रोज ताटाबरोबर वाढलं जायचं.

लढाई संपली, वर्कशॉपातली माणसं कमी केली, ज्ञानू घरी आला. सांगलीच्या एका दलालानं त्याला दोन जागा सांगितल्या. एक आबादानची, इराणातल्या तेलाच्या कारखान्यात. दुसरी आफ्रिकेतली, नैरोबीला, रेल्वेच्या कामावर. दोन्ही गावं ज्ञानूनं बघितली नव्हती. पण एक गोष्ट दलालानं चोख सांगितली होती. आबादानला फिटरनं एकट्यानं जायचं, बराकीत राहायचं. नैरोबीला खोली मिळते, बायको नेता येते.

झालं. घराचे दोन तट पडले.

थोरला भाऊ लालासाहेब आबादानच्या बाजूचा. तिकडं पगार जास्त, आणि धाकट्याची बायको रानात राबायला इथंच राहणार. हे दुसरं तो तोंडानं म्हणायचा नाही, बनुबाई म्हणायची. लढाईत तिकडं जाऊन आलेली पोरं पारावर सांगायची, आबादानला उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला की कातडं चिकटून राहतं. नैरोबीला म्हणे उन्हाळ्यातसुद्धा घोंगडं लागतं, माती आपल्या गेरूसारखी लाल. फिटरनं कुठं जावं, हे आंधळ्यालाही कळेल. पण ज्ञानूचं एकच पालुपद, "दादा म्हणत्याल तसं."

"दादास्नी घेऊन ऱ्हावा मग बराकीत," असं एकदा भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि मागोमाग तांब्या आपटल्याचा आवाज.

बनुबाईनं मग सिंह काढला. "आगं, नैरोबीत शिंव्ह फिरत्यात. खाईल तुला."

"शिंव्ह येकदाच खाईल, आक्का. हितं रोज खात्यात."

त्या दिवसापासून दोन चुली झाल्या नाहीत एवढंच. बनुबाई तिला हाक मारीना, ताटात कालवण लांबनं, वरूनच सोडायची.

शेवटी लालासाहेबानं भैरोबाला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडं मोठ्या कामाला कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. नाथाजी गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचा. ज्या बाजूची कळी आधी पडेल, ती देवाची मर्जी. आणि एका कामाचा कौल एकदाच. परत विचारलं तर देव कोपतो.

उजव्या खांद्याला आबादान, डाव्याला नैरोबी, असं लालासाहेबानं मोठ्यानं बोलून दाखवलं. आम्ही बायका खांबाआड उभ्या होतो. चंद्राबाईच्या ओठाला रंग नव्हता. मी तिचा हात धरला, तर तिनं झटकला. ज्ञानू भावाच्या मागं हात जोडून उभा. गुरवानं समईची वात पुढं सारली. कळ्या काही हलेनात.

तेवढ्यात देवाच्या मागून एक पाल सुर्रकन वर चढली, डाव्या खांद्यावरून गेली, आणि तिच्या शेपटीनं नैरोबीची कळी खाली आली.

"ह्यो कौल न्हाई!" लालासाहेब ओरडला. "पालीनं पाडली. नाथाजी, परत लाव."

नाथाजीनं कळी उचलायला हात पुढं केला. त्याचं वर्षाचं धान्य लालासाहेबाच्या खळ्यावरून यायचं, त्याला दोष देत नाही मी.

चंद्राबाई खांबाआडून बाहेर आली. थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नाही. तिनं पदर पुढं ओढला, दिराकडं पाठ केली, आणि गुरवाला म्हणाली, "तात्या, त्यास्नी इचारा जरा. गेल्या साली हिरीचा कौल लावला, तवा कळी कशानं पडली हुती?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर लालासाहेबाची की त्याचा चुलतभाऊ आकाराम याची, यावर दोघं काठ्या घेऊन उठले होते. तेव्हाही कौल लावला. कुणीतरी दार उघडलं, वारा आला, लालासाहेबाच्या बाजूची कळी उडाली आणि विहीर त्याची झाली. आकाराम म्हणाला, वाऱ्यानं पाडली, परत लावा. तेव्हा लालासाहेबानं इथंच उभं राहून सांगितलं होतं, वारा बी देवाचाच.

"बाईमाणसानं देवळात त्वांड उघडू नये," लालासाहेब म्हणाला.

"मिटते की. पर तात्या, वारा देवाचा, मग पाल कुणाची? सावकाराची?"

मागून आकाराम हसत पुढं आला. त्याचं हसू काही चांगलं नव्हतं. "वैनी बरुबर बोलत्यात. दादा, परत लावायचा आसंल तर दोन्ही लावू. आदी हिरीचा, मग तुमच्या ज्ञानूचा. माझी काय बी हरकत न्हाई बगा."

लालासाहेब एकदा त्याच्याकडं, एकदा भावजयीच्या पाठीकडं बघत राहिला. त्याच्या कपाळाची शीर मी खांबाआडून बघितली. मग तो पायरीवर थुंकला, चपला घातल्या आणि निघून गेला.

"तात्या, आंगारा द्या," ज्ञानू म्हणाला. गुरवानं दिला, म्हणजे कौल पक्का झाला. त्यानं आधी स्वतः लावला आणि मग, सगळ्यांदेखत, बायकोपुढं हात केला. एवढी एकच हिंमत त्यानं आयुष्यात केली असेल, पण वेळेवर केली.

त्यानंतर निघेपर्यंत त्या घरात तिच्याशी कुणी शब्द बोललं नाही. बनुबाई मांजराला सांगायची, "रांजण रिकामा हाय म्हणावं." चंद्राबाई रांजण भरायची. लोक म्हणायचे, हिनं घर फोडलं. आमच्या सासूबाईंनी मला तिच्याकडं जायची बंदी केली. मी शेणी थापायच्या निमित्तानं जायची.

जायच्या दिवशी सकाळी मी आमच्यांची भाकरी घेऊन रानाकडं निघाले, तर पुढं डोक्यावर पाटी घेऊन चंद्राबाई. मी म्हटलं, "आगं, दुपारची गाडी ना? आन् आज बी तूच?"

"मग? भूक काय नैरोबीला गेलीया व्हय त्यांची?"

लालासाहेब ऊस तोडत होता. तिला बघून त्यानं पाठ फिरवली आणि कोयता जास्तच जोरानं चालवला. तिनं आंब्याखाली पाटी उतरवली, भाकरीवरचं फडकं नीट खोचलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून पाटी दगडावर चढवली. शेजारी पाण्याची कळशी ठेवली. बांगड्या दोनदा वाजवल्या, हीच तिची रोजची हाक. मग कालचं रिकामं भगुलं उचललं, बांधावरच्या मातीनं घासलं, डोक्यावर पालथं घातलं आणि घराकडं चालू लागली.