बेन्चिवेंगा नावाचं गाव

दुबईतल्या रास अल खोरच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बघत उभी होते, तेव्हा नीनाचा फोन आला. माझ्या डब्यांच्या व्यवसायाची भाजी मी स्वतः निवडून घेते आणि त्या वेळात मी कुणाशी बोलत नाही, हे माझ्या मैत्रिणीच्या, सुनंदाच्या लेकीला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तिचं नाव दिसल्याबरोबर काय ते कळलं. "मावशी, शी इज गॉन," एवढंच ती म्हणाली. भाजीवाला विचारत होता, "दीदी, कितना डालूँ?" मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि तिथेच एका उपड्या क्रेटवर बसले. दुखणं वर्षभराचं होतं, शेवट दिसतच होता. त्याला आता काही आठवडे झाले. सुनंदाबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करावी, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. तिची गोष्ट आडनावापासूनच सुरू होते.

सुनंदा कवठेकर मूळची सांगलीची. दुबईतल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ती इमारतींची ड्रॉइंग्ज करायची, आणि तिने कागदावर आखलेल्या फरशा प्रत्यक्षात कापून बसवणारा सुपरवायझर होता मिकेले बेन्चिवेंगा. संगमरवराच्या यार्डात कामगारांबरोबर राहून त्याने मोडकंतोडकं हिंदी उचललं होतं, आणि या दोघांचा संसारही त्याच हिंदीत झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शारजात आम्ही शेजारी आलो, तेव्हा त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. लग्नातली एक गोष्ट मात्र सुनंदा आल्यागेल्याला सांगायची. तिच्या आईने तबकात तांदूळ पसरून ठेवले होते, नवऱ्यामुलाने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं म्हणून. मिकेलेने हे कशासाठी ते नीट विचारून घेतलं आणि अंगठी परत बोटात घातली. "नाम क्यों बदलना? हमारे में औरत बाप का नाम नहीं छोड़ती," तो म्हणाला. मग सुनंदाचे वडील, जे तोवर या लग्नावर रुसून कोपऱ्यात बसले होते, ते उठले आणि जावयाच्या शेजारी येऊन बसले. तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले आणि सुनंदा कवठेकरच राहिली.

मूल होईना, तेव्हा तिने जे सोसलं ते मी जवळच्या बायकांकडून ऐकलं. ती स्वतः त्याबद्दल बोलायची नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, सांगलीहून येणारे अंगारे झाले. आशा सोडून दिल्यावर नीना झाली. मिकेलेने संगमरवराच्या पांढऱ्या तुकड्यावर दोन आडनावं स्वतः कोरली, वर कवठेकर, खाली बेन्चिवेंगा, आणि ती पाटी दाराला लावली. आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे पहारेकरी, पाहुण्यांना सांगायचा, "पत्थरवाला दरवाजा." नीना अकरा-बारा वर्षांची असताना मिकेले यार्डातच छातीत कळ येऊन गेला. अंत्यविधीला त्याचं माणूस म्हणावं असं इटलीहून कुणीच आलं नाही. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गाव सोडून उत्तरेला कामाला गेले होते, तेही आता नव्हते. शारजाच्या टेलिफोन डिरेक्टरीत बेन्चिवेंगा एकच होता आणि सुनंदाने तो क्रमांक त्याच्याच नावावर ठेवला. तिच्याकडे त्याचं म्हणून उरलं होतं ते हे आडनाव, आणि ते चालवणारी लेक.

आणि लेकीला नेमकं तेच नको झालं. शाळेत हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी अडखळायच्या, वर्ग हसायचा, आणि बाप नसलेल्या मुलीला ते हसणं दुप्पट लागायचं. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आय वॉन्ट टु बी कवठेकर. लाइक यू." मी तिथेच होते. सुनंदाचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. कवठेकर म्हणजे कवठ्याचे, ते गाव मी तुला दाखवलंय, ती म्हणाली. "आता बाबाचंही बघू. काय टाकतेयस ते आधी डोळ्यांनी बघ, मग टाक. मी अडवणार नाही." तिला इतकी खात्री होती, की मलाही प्रश्न पडला नाही. आडनाव आहे म्हणजे मागे गाव असणारच! सांगलीच्या माणसाला आणि माझ्यासारख्या चिपळूणकरांच्या मुलीला याहून वेगळं काही सुचणं शक्यच नव्हतं. मिकेलेला तिने पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा तो खांदे उडवून म्हणाला होता, "नाम है, बस." गाव नेपल्सच्या वरच्या अंगाला कुठेतरी, एवढंच त्याने सांगितलं होतं. तेवढ्यावर ही बाई लेकीला घेऊन मे महिन्यात इटलीला निघाली. तिला भाषा कुठे येते, म्हणून आमच्या यजमानांनी मला बरोबर धाडलं, जशी काही मला येत होती.

नकाशात बेन्चिवेंगा नव्हतं. सुनंदा म्हणाली, लहान असेल. आम्ही बसने हिंडलो, आणि दोन दिवस लोक नुसते मान हलवत राहिले. हे आडनाव तिथे सगळ्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं होतं, पण बऱ्याच जणांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग एका गावात उतरलो, चौकातल्या म्हाताऱ्याला विचारलं, बेन्चिवेंगा कुठे? त्याने उजवीकडे बोट दाखवलं. सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं की सांगायची सोय नाही. गेलो, तर खाटकाचं दुकान. खाटीक म्हणाला, मीच बेन्चिवेंगा, पण तुम्हाला कोणता हवाय? त्याने न्हाव्याकडे पाठवलं, न्हाव्याने औषधवाल्याकडे. सगळे बेन्चिवेंगा! गाव शोधत होतो ते सापडलं, पण त्याचं नाव भलतंच होतं. या एका ठिकाणी गल्लोगल्ली असलेलं आडनाव बाहेर क्वचितच कुणाचं असे. औषधवाला सांगत होता, नीना बापाकडून शिकलेल्या स्वयंपाकघरातल्या इटालियनच्या बळावर समजून घेत होती आणि आम्हाला इंग्रजीत सांगत होती. पूर्वी कधीतरी कुणा मुलाचं हे नुसतं पहिलं नाव होतं, मग त्याची पोरंबाळं त्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

पण अर्थ? तो न्हाव्याच्या आईने सांगितला. दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसली होती. तिने नीनाला जवळ ओढलं, हनुवटी वर करून चेहरा निरखला आणि बराच वेळ बोलत राहिली. सुनंदाने विचारलं, काय म्हणते? "इट्स फॉर अ बेबी," नीना हळूच म्हणाली. "वन दे वेटेड सो लाँग फॉर. यू टेल द बेबी... गुड दॅट यू आर कमिंग टु अस." हे सगळं जुनी माणसं सांगतात, खरंखोटं देव जाणे, असंही म्हातारी म्हणाली म्हणे.

सुनंदा तिथे पायरीवरच बसली. मी तिला मिकेलेच्या मातीच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे, बरं झालं आलीस," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग म्हातारीने नीनाच्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि ती खाली बसून सोलू लागली.

परत आल्यावर सुनंदाने आडनावाचा विषय पुन्हा काढला नाही. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, दाखवायचं होतं ते दाखवलं, आता तिचं ती बघेल. तिने फक्त एक सवय लावून घेतली. नीना शाळेतून, पुढे कॉलेजातून आली की दार उघडायची आणि म्हणायची, "बरं झालं आलीस." किमोनंतर उभं राहवत नव्हतं तेव्हा दाराशी खुर्ची ठेवून घेतली, पण हे म्हणायचं सोडलं नाही. नीना "हाय, आई" म्हणून आत जायची. तिच्या मनात काय आहे ते सुनंदाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. मला तिचा हा हट्टीपणा कधीकधी रागच आणायचा.

शारजातलं घर सोडावं लागलं. नीनाने दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत एका मैत्रिणीबरोबर लहानशी जागा घेतली. गेल्या शुक्रवारी डबा घेऊन गेले. जाताना मनात एकच होतं, आता ती सज्ञान आहे, अडवणारंही कुणी नाही, जुन्या सामानाबरोबर तो दगड कुणाला देऊन टाकला असेल. जिना चढून वर आले. दाराला पांढरी पाटी होती. वर कवठेकर, खाली बेन्चिवेंगा, आणि काढताना उडालेला एक कोपरा सिमेंटने नीट भरलेला.

बेल दाबली. दार उघडलं, आणि माझ्याशी जन्मभर इंग्रजीतच बोललेली ती मुलगी म्हणाली, "बरं झालं आलीस, मावशी."