आण्णांचा एकच चेहरा

शहरात, सावेडीत दर गुरुवारी आमचा वर्ग भरतो. आम्ही सात जण, सगळे स्किझोफ्रेनियाचे, सगळे गोळ्या वेळेवर घेणारे, निदान वर्गात तसं सांगणारे. शिकवणाऱ्या ताई फोटो दाखवून विचारतात, या माणसाला काय वाटतंय? राग, भीती, दुःख की आनंद? हसू नका, आम्हाला हे खरंच शिकावं लागतं. आजारात मला समोरचा प्रत्येक चेहरा माझ्यावरच चिडलेला दिसायचा.

पण ते फोटो सगळे गुळगुळीत दाढी केलेल्या शहरी माणसांचे. न राहवून मी म्हणालो, "ताई, आमच्या गावात असं तोंडभर कुणी हसत नाही. मिशीआड काय चाललंय ते कसं ओळखायचं?" ताईंनी लगेच अभ्यास दिला, घरच्या माणसाचा फोटो काढून आणा. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

मी आण्णांचा, म्हणजे वडिलांचा काढला. दर गुरुवारी ते मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडतात, एक शब्द न बोलता, आणि एसटी सुटेपर्यंत डोळे वटारून उभे राहतात. मी खिडकीतून टिपला. वर्गात सगळे एका सुरात ओरडले, "राग!" हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो, पण वरवर. आजारी पडल्यापासून मला हीच धास्ती होती, की आण्णांना मी घरात नकोसा झालोय.

ताईंचा नियम असा, की मनाशी ठरवण्याआधी विचारायचं. त्यासाठी एक वाक्यही त्यांनी पाठ करून घेतलंय. एवढं शहाणं वाक्य गोठ्यात बोलायचं म्हणजे अवघडच. दोन दिवस मी नुसताच आण्णांच्या मागेपुढे करत राहिलो. शेवटी ते धार काढायला बसले, तेव्हा त्यांच्या पाठीमागून म्हणालो, "आण्णा, तुमी माझ्यावर रागावलाय असं मला वाटतंय. खरं हाय का?"

धार थांबली. म्हशीनेसुद्धा मागे वळून पाहिलं.

"राग कशाचा रं?" आण्णा म्हणाले. "भ्या वाटतं. मागं असाच यष्टीत बसून गेल्तास, तीन दिस घावला न्हाईस. गाडी सुटली की अजून काळजात धस्स हुतं."

मला रडूच फुटलं. आण्णांनी चरवी माझ्याकडे सरकवली. "रडतो काय? धर, राहिलेली तू काढ."

पुढच्या गुरुवारी एसटी हलली तसा मी खिडकीतून ओरडलो, "आण्णा, उतरलो की फोन करतो!" आणि पुन्हा फोटो काढला.

वर्गात तो दाखवला. पुन्हा सगळे एका सुरात, "राग!"

"चूक," मी म्हणालो. त्या चेहऱ्याचं उत्तर वर्गात मला एकट्यालाच माहीत होतं.