लेकीच्या डोक्यावरची शपथ

वारज्यातल्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात माझी खोली जिन्याखाली आहे. खिडकी नाही. पंखा आहे, तो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. या खोलीत बसून मी इतकी वर्षं माणसांचं ऐकते आहे, की दारावर टकटक झाली की हल्ली आधी थकवा येतो. समुपदेशक हेमाताई म्हणजे मायेचा अखंड झरा, असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एखाद्या सोमवारी माझ्या शेजारी बसून पाहावं.

घरचे लोक पहिल्याच दिवशी विचारतात, "सुटेल ना हो याची?" प्रशिक्षणाला गेलं की तिथेही हेच. कोण बरा होतो आणि कोण नाही, याची कारणं पडद्यावर दाखवतात. घरचं माणूस पाठीशी असलं तर, उपचार करणाऱ्यावर भरवसा बसला तर, सुरुवातीच्या भेटींतच थोडा फरक दिसला तर. खोटं काहीच नाही त्यात. पूर्वी मीही त्यावरून अंदाज बांधायचे, आणि इतक्यांदा तोंडघशी पडले की आता कानाला खडा. पहिल्याच दिवशी "मॅडम, आजपासून बंद म्हणजे बंद" असं भाषण ठोकून पेढे वाटणारे गृहस्थ पुन्हा तोंड दाखवत नाहीत, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकते.

ज्ञानदेवबद्दल कुणी विचारलं असतं, तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

त्याला त्याची बायको भाग्यश्री घेऊन आली. माणसं वाशीमकडची. लग्नानंतर पुण्याला आली आणि इथलीच झाली. ज्ञानदेव हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवायचा. सकाळी गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरला यंत्रात फुंकावं लागतं. आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती, यंत्रानं चुगली केली आणि त्याची गाडी काढून घेतली. डेपोत बस धुवायच्या कामाला लावला. ज्या बसच्या पुढच्या काचेआड तो राजासारखा बसायचा, तीच काच आता बाहेरून पुसायची. त्यानंतर तो जेवेना, झोपेना. कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि प्यायचा. दारूमुळे उदास, की उदास म्हणून दारू, हे डॉक्टर लोक चवीनं चघळतात. भाग्यश्रीच्या पानात दोन्ही एकदमच वाढलेलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बोलायचं काम माझ्याकडे. पहिल्या भेटीत तो एक अक्षर बोलला नाही, सगळं भाग्यश्रीच बोलली. दुसऱ्या भेटीत मी तिला बाहेर बसवलं. तरी हा गप्पच. पंख्याची कुरकुर ऐकत आम्ही दोघं बसून राहिलो. निघताना मात्र दाराशी थांबला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या गुरवारी येऊ का?"

माझ्याकडे येणाऱ्यांना पुढच्या वेळी या म्हणून विनवावं लागतं. हा स्वतःहून विचारत होता. मी म्हटलं, "या."

तो येत राहिला. हळूहळू तोंड उघडलं. मी त्याला एकच काम दिलं होतं, रोज सकाळी मुलीला शाळेत सोडायचं. मुलगी अपेक्षा, सातवीतली, चुरुचुरु बोलणारी. दारू घेतलेली असली की हा तिच्या जवळपाससुद्धा फिरकत नसे. त्यामुळे सकाळी तिला सोडायचं, तर आदल्या दिवशी हात आवरावाच लागे. कालव्याच्या कडेनं दोघं चालत जायची. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं पिणं थांबवलं. एकदा तर माझ्या पंख्यावर विनोद केला. "ताई, याले बी दोन-चार गुरवार बसवा समोर," म्हणाला. मी त्या दिवशी घरी जाताना भाजी निवडून निवडून घेतली, इतकी खुशीत होते.

घरच्यांना मी सुरुवातीलाच सांगते, काय वाटेल ते करा, शपथा घालू नका. चिडा, भांडा, रडा, पण शपथ नको. माणूस कधीतरी घसरतोच. घसरला की त्यानं धावत माझ्याकडे यावं, एवढ्यासाठी ही सगळी खटपट असते. मोडलेली शपथ घेऊन कोण येतं?

भाग्यश्रीनं हे ऐकलं होतं, तिला ते पटलंही होतं. पण महालक्ष्म्यांना तिची आई, दुर्गाबाई, गावाहून आली. सडसडीत, करारी बाई. नवऱ्यालाही तिनं दारूपायीच गमावलं होतं, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. जावई सुधारतोय हे पाहून तिला आनंद झाला, आणि तो पक्का करून टाकावा असं तिच्या मनानं घेतलं. महालक्ष्म्या बसल्या होत्या, पुरणाचा नैवेद्य दाखवून झाला होता. तिनं ज्ञानदेवचा हात धरून अपेक्षाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हणा जवाईबापू, पुन्हा शिवलो तं हिचं वाईट होईल." तो म्हणाला. सगळ्यांसमोर आणखी काय म्हणणार?

त्या प्रसंगाचा फोटो भाग्यश्रीनं मला पाठवला. फोटोत सगळे हसत होते, एक तो सोडून. मी फोन लावायला घेतला. पण देवीसमोर झालेल्या गोष्टीवर फोनवरून काय बोलायचं? मी नुसते हात जोडलेले पाठवले.

पुढच्याच आठवड्यात डेपोतल्या एका सोबत्यानं नवी गाडी घेतली म्हणून खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवण दिलं. ज्ञानदेव तिथे प्यायला. आधी असं कधी झालं असतं, तर गुरुवारी मान खाली घालून आला असता, आम्ही दोघांनी बसून ते निस्तरलं असतं. पण आता मध्ये शपथ होती. गुरुवारी तो आला नाही. मी फोन केला, उचलला नाही.

आणि अपेक्षाला ताप भरला. डेंग्यू. त्या दिवसांत पुण्यात घराआड एक डेंग्यू होता. आमच्या सोसायटीतच चौघं आडवे होते, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून कुणी काही म्हटलेलं नव्हतं. पण हे ज्ञानदेवला कोण सांगणार? पोरीच्या रक्तातल्या पेशी उतरायला लागल्या, तिला दवाखान्यात ठेवलं. हा तिच्या खोलीत जाईना. बाहेरच्या बाकावर बसायचा, तिथून उठून पिऊन यायचा आणि पुन्हा बाकावर.

तो माझ्याकडे आला तेव्हा भर दुपार होती. डबा उघडून मी पहिला घास तोंडात घातला होता. त्यानं दाढी केलेली नव्हती, तोंडाला वास होता. उभ्याउभ्याच म्हणाला, "ताई, मी पोरीले मारून रायलो."

मी त्याला बसवलं, डासांबद्दल सांगितलं, पेशी पुन्हा वाढतात हे सांगितलं. शिकलेल्या माणसाकडे जेवढं शहाणपण असतं तेवढं सगळं सांगून झालं. तो मान डोलवत होता आणि एक शब्द आत शिरत नव्हता. मग मी दमले. खरंच दमले. डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "ज्ञानदेव, तुमच्याकडे शपथ सुटते कशी?"

"ज्यानं घातली, त्यानं सुटली म्हणावं लागते."

"मग दुर्गाबाईंना सांगा."

"त्याईले?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, त्या मले जित्ता नाई सोडणार."

"नाही सोडणार कदाचित. पण सांगितल्याशिवाय ती सुटणारही नाही."

तो उठून दारापर्यंत गेला. मग तो म्हणाला, "तुमी येता का?"

रिक्षानं आम्ही दवाखान्यात गेलो. दुर्गाबाई नातीच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होती. भाग्यश्री पायाशी. अपेक्षा डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन. ज्ञानदेव उंबऱ्यातच अडला. मी त्याला ढकललं नाही. बोलायचं त्यालाच होतं.

"मामी," तो सासूला म्हणाला, "मी घेतली. शपथ घेतल्यावर आठ दिवसांतच घेतली. तवापासून रोज घेऊन रायलो."

भाग्यश्रीनं तोंडाला पदर लावला. दुर्गाबाईच्या हातातली साल तशीच लोंबत राहिली. तिनं वर पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं आता. मी इतक्या बायकांच्या डोळ्यांत ती नजर पाहिली आहे.

तेवढ्यात अपेक्षा डोळे न उघडता म्हणाली, "मला माहितीये. तुम्ही मला शाळेत सोडायला येत नव्हता, तेव्हाच कळलं." आणि मग, "आजी, म्हण ना गं सुटली. डोकं दुखतंय माझं."

दुर्गाबाईनं मोसंबं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून, भिंतीकडे बघत म्हणाली, "सुटली. म्या घातली होती, म्याच सोडली." आणि जावयाकडे वळून, "मंग आता काय धरून राहान तुमी?"

"ताईकडे जातो दर गुरवारी. घेतली तं येऊन सांगतो."

"नुसतं सांगून होते?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "जे सांगायला येतात, त्यांचं पुष्कळदा होतं. जे येत नाहीत, त्यांचं काय होतं ते मला कळतच नाही."

दुर्गाबाईनं मोसंबं पुन्हा हातात घेतलं. नवऱ्याची आठवण झाली असावी. त्या बिचाऱ्यानं कुणाला कधी काही सांगितलंच नसेल. मग तिनं मोसंब्याची एक फोड जावयाच्या हातावर ठेवली. "मंग मले बी सांगजा," म्हणाली.

अपेक्षा बरी झाली. दुर्गाबाई गावी गेली. ज्ञानदेव अजून बस धुतो, अजून कधीमधी घसरतो, आणि मी अजून जिन्याखालच्या खोलीत दमलेली असते. गेल्या गुरुवारी तो आला, खुर्चीत बसला आणि मान वर ठेवून म्हणाला, "ताई, परवा घेतली. मामीले फोन करून सांगतलं."

"काय म्हणाल्या?"

"शिव्या देल्ल्या. मंग म्हणे, आजची झाली, उद्या नका घेऊ."

"मग?"

"काल नाई घेतली."