फीडचा लिव्हर
शिफ्ट सुटताना फीडचा, म्हणजे कापणारं टूल आपोआप पुढे सरकवणारा, लिव्हर मधोमध बंद जागी आणून ठेवायचा, हा लेथवरचा नियम. त्या दिवशी अण्णा घाईत विसरले. लिव्हर चकच्या, म्हणजे काम धरून फिरणाऱ्या पकडीच्या, दिशेलाच राहिला, फीडही जलद. पुढच्या शिफ्टला त्याच लेथवर त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, आले. त्यांनी मशीन चालू करताच टूल फिरत्या चकवर आदळलं आणि तुकडा उडून त्यांच्या मनगटात घुसला.

"न बघता चालू केलं, चूक माझीच," दाजी साहेबांना म्हणाले. त्यांना लेथवरून काढून पॅकिंगला बसवलं. अण्णा मूग गिळून गप्प राहिले.

तीन आठवड्यांनी ताईने अण्णांना जेवायला वाढता वाढता म्हटलं, "साहेब तुझं ऐकतात. यांच्यासाठी शब्द टाक ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगून टाकलं. दाजी लेथवर परतले, अण्णा पॅकिंगला गेले.

"माफ करा, दाजी."

"लिव्हर कुणीही विसरेल रे," दाजी मनगट चोळत म्हणाले, "पण तोंड उघडायला तीन आठवडे?"